धुरजड की उलाळ?

मॉडेल विमानाचा रंग वाळला, पंखांवरची गोल चिन्हं चिकटली, बॅटरी भरून झाली, की मालकाला माळ दिसायला लागतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले एक मेस्त्री नेमके त्याच वेळी आडवे येतात. विमान हातात घेतात, उलटं करतात, पोट वर आणि कॉकपिट खाली, आणि दोन उभ्या काठ्यांच्या टोकांवर त्याचे पंख टेकवतात. टोकांना शाळेच्या पेन्सिलीवरचे खोडरबर लावलेले, म्हणजे पंखावर ओरखडा येऊ नये. मग अलगद हात सोडतात. विमान एकतर नाक टाकतं, नाहीतर शेपूट. पहिल्या खेपेला सरळ राहिलेलं विमान तिथं क्वचितच बघायला मिळतं.

मेस्त्री पॅटर्नमेकर आहेत. फौंड्रीत ओतकामाचा साचा घेण्यासाठी आधी लाकडी नमुना लागतो. सागवानातून तो घडवण्यात त्यांची हयात गेली. आता कामावरून निवृत्त आहेत, पण पोटमाळ्यावरचा कारखाना चालूच आहे. "नाव छापू नका," त्यांनी आधीच बजावलं, "न्हाईतर दारात पोरांची रांग लागंल." रांग तशीही लागते. गोकुळ शिरगाव, कसबा बावड्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं येतात, आष्ट्याहून विमानविद्येच्या शाखेतली येतात, आणि एखादे दवाखाना बंद करून आलेले डॉक्टरही असतात. बघून बघून वस्तू घडवायची या गावाला जुनी सवय आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच स्वतः तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्या मानानं स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं साडेचार फुटी मॉडेल म्हणजे फार मोठी उडी नव्हे.

पण पॅटर्नमेकरचाच हात विमानाला का लागतो, हे कळायला त्याचा धंदा थोडा समजून घ्यावा लागतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, पोलाद दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा धरायचा. शिवाय नंतर लेथवर जे खरवडलं जाणार त्यासाठी वेगळी सूट. ड्रॉइंगवर लिहिलेला आकडा आणि हातात येणारी वस्तू यांच्यात अंतर पडणारच, हे या माणसाच्या अंगात भिनलेलं आहे. मॉडेलच्या प्लॅनवर एक बाण आणि शेजारी 'सीजी', म्हणजे तोलाची जागा, असं लिहिलेलं असतं. पोरं तो बाण प्रमाण मानतात. मेस्त्री आधी त्या आकड्याची चौकशी करतात.

मी गेलो तेव्हा काठ्यांवर एक स्पिटफायर होतं, एक अष्टमांश मापाचं. खरं स्पिटफायर टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, हे १ मीटर ४० सेंटिमीटर. वजन १,८०० ग्रॅम. घेऊन आलेला मुलगा तिसऱ्या वर्षाचा.

"मेस्त्री, पंखाच्या पुढच्या कडेपास्नं ६८ मिलिमीटर. प्लॅनवर लिहिलंय तसंच केलंय."

"प्लॅन कुठला?"

"नेटवरनं उतरवला. जरा लहान होता, झेरॉक्सवाल्याकडनं सव्वापट करून आणला."

मेस्त्रींनी चष्मा काढून ठेवला. "विमान सव्वापट झालं. आकडा?"

आकडा छापलेला, तो ६८च राहिला होता. व्हायला हवा होता ८५. त्या ६८वर तोल यावा म्हणून पोरानं नाकात ठासून शिसं भरलं होतं, आणि विमान काठ्यांवर अगदी समतल उभं होतं. चुकीच्या जागेवर समतल.

उसाची बैलगाडी भरणारा गडी हेच गणित रोज करतो. माल पुढं जास्त पडला तर गाडी धुरजड होते, जू बैलांच्या मानेवर बसतं. मागं जास्त पडला तर उलाळ, जू वर उचललं जातं आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचतात. मेस्त्रींच्या तोंडी विमानासाठीही हेच दोन शब्द असतात. फरक एवढाच, की धुरजड गाडी बैल कशीबशी ओढून नेतात आणि धुरजड विमानही कसंबसं उडतं: उतरताना नाक वर धरत नाही, जरा जोरात येऊन आदळतं, गवतात प्रोपेलर रुततो. उलाळ विमान मात्र बहुधा हातातून सुटल्यावर काही सेकंदांतच संपतं.

त्याचं कारण असं. पंख आणि शेपूट मिळून हवा विमानाला जी उचल देते, ती झुळकीनं नाक वर झालं की वाढते. ही वाढीव उचल विमानाच्या एका ठरावीक बिंदूवर पडते. त्याला न्यूट्रल पॉइंट म्हणतात. विमानाचं वजन ज्या जागी एकवटलेलं आहे ती जागा, म्हणजे सीजी, या बिंदूच्या पुढं असेल तर वाढीव उचल शेपटीकडचा भाग वर ढकलते, नाक आपोआप खाली येतं, विमान स्वतःच सावरतं. सीजी मागं गेला तर तीच उचल नाकाला आणखी वर ढकलते. नाक वर, म्हणून उचल जास्त. उचल जास्त, म्हणून नाक आणखी वर. शेवटी पंखांवरची हवा सुटते आणि विमान एका पंखावर लोळतं. रिमोटवरचा अंगठा कितीही चपळ असला तरी तिथवर पोचत नाही. दोन बिंदूंमधलं अंतर पंखाच्या सरासरी रुंदीच्या ५ ते १५ टक्के ठेवतात. नेहमीच्या घडणीच्या विमानात त्यामुळे सीजी त्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर येतो.

सरासरी रुंदी काढणं सरळ पंखात सोपं आहे. निमुळत्या पंखात कागदावर चार रेघा ओढून निघते. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, आणि तिथं अनेकांची बोटं अडतात. खरं तर उलट आहे, हा पंख गणिताला सोयीचा. लंबवर्तुळात सरासरी रुंदी मुळाकडच्या रुंदीच्या ०.८५ पट येते. स्पिटफायरची मुळाकडची रुंदी १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर, अष्टमांशात ३१७ मिलिमीटर, त्याची सरासरी २६९. स्पिटफायरचे रचनाकार रेजिनाल्ड मिचेल यांच्या चमूनं लंबवर्तुळ थोडं पुढं सारून असं बसवलं होतं, की पाव रुंदीवरून जाणारा मुख्य स्पार सरळ रेषेत राहावा. म्हणून पाव रुंदीची जागा मुळाशी मोजली तरी चालते: ३१७चा पाव, ७९ मिलिमीटर. तिथून ३० टक्क्यांपर्यंत सरकायला आणखी १३. म्हणजे ७९ ते ९२च्या मध्ये कुठंतरी. ८५ त्यात अगदी नीट बसतो. मेस्त्रींनी हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं केलं, आणि मग दुसरा हिशेब मांडला. वजन १,८०० ग्रॅम, सीजी मागं न्यायचा १७ मिलिमीटर, नाकातल्या शिशापासून नव्या सीजीपर्यंत अंतर साधारण २५०. अठराशे गुणिले सतरा, भागिले अडीचशे: १२२. सव्वाशे ग्रॅम शिसं पोरगं फुकट उचलून नेणार होतं.

ते काढलं. तरीही नाकात शंभरेक ग्रॅम राहिलंच. पोराचा चेहरा पडला.

लढाऊ विमानाच्या मॉडेलचं खरं दुखणं इथं आहे. स्पिटफायरच्या पहिल्या आवृत्तीत नाकातलं मर्लिन इंजिन विमानाच्या भरल्या वजनाच्या जवळपास पाव होतं. सुमारे सव्वासहाशे किलोचा तो गोळा धरूनच बाकीचं सगळं मागं आखलं होतं. मॉडेलात त्या जागी दोनशे ग्रॅमची विजेची मोटर बसते, एकूण वजनाच्या नवव्या हिश्शाएवढी. नाकाची लांबी मात्र तीच ठेवावी लागते, नाहीतर स्पिटफायर स्पिटफायर दिसत नाही. जपानी झीरो, अमेरिकन थंडरबोल्ट ही गोल इंजिनांची आखूड नाकाची विमानं तर याहून अवघड. शिकाऊ विमानाचा आराखडा करणारा माणूस मॉडेलचाच विचार करून नाक लांब ठेवतो, शेपूट मोठी घेतो. लढाऊ विमानाचा आराखडा दुसऱ्याच कुणासाठी, दुसऱ्याच वजनांसाठी झालेला असतो, आणि आपण त्याचा फक्त बाहेरचा आकार उचलतो. म्हणूनच काही कसलेले लोक शेपटीचं आडवं पान मापापेक्षा थोडं मोठं करतात. जमिनीवर ते कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि न्यूट्रल पॉइंट जरा मागं सरकतो. शुद्धतेच्या आग्रही मंडळींना ते पाप वाटतं. मला नाही वाटत.

मेस्त्रींचं म्हणणं मात्र वेगळं आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला तेच सर्वांत पटलं. नाकातलं शिसं हे नाकाच्या उणिवेचं नसतं, शेपटीच्या चैनीचं असतं. या स्पिटफायरमध्ये सीजीपासून शेपूट ७० सेंटिमीटर मागं आणि शिशाची जागा २५ सेंटिमीटर पुढं. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाक जवळपास तीन ग्रॅम मागतं. पोरानं सुकाणू आणि एलिव्हेटर हलवणारे दोन सर्व्हो शेपटीतच बसवले होते, जोडणी सोपी पडते म्हणून. नऊ-नऊ ग्रॅमचे दोन. ते पंखाखाली आणून तिथून बारीक सळ्या मागं नेल्या, तर नाकातलं पन्नासेक ग्रॅम शिसं उतरतं. शेपटीच्या चाकाला पितळी फोर्क होता, तो तारेचा केला. शेपटीवर लांबीचा जाड थर घासून गुळगुळीत केला होता. तो पॉलिश पेपरनं निम्मा उतरवायला लावला. "शेपटाकडं हात आखडता धर," मेस्त्री म्हणाले. त्यांनी वापरलेला प्रत्येक तुकडा गुजरीतल्या सराफी काट्यावर तोलून घेतलेला असतो. तो जुना काटा पोटमाळ्यावर आहे आणि पोरं त्याची थट्टा करतात. शिसं मात्र टायरवाल्याकडचं, चाकं बॅलन्स करताना काढून टाकलेलं.

त्यातून जे शिसं उरतं त्याचीही पहिली जागा बॅटरीला द्यावी. साडेतीनशे ग्रॅमची बॅटरी दोन सेंटिमीटर पुढं सरकली तर ती एकटीच बरंच काम करते. म्हणून बॅटरीची जागा शेवटी, सगळं बसवून झाल्यावर ठरवायची, आणि तिच्या पुढंमागं सरकायला मोकळी फळी ठेवायची. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना हे पहिल्या विमानात सुचत नाही. दुसऱ्यात सुचतं.

मॉडेलवाल्यांनाच हा त्रास आहे असं नाही. राइट बंधूंनी १९०४ साली आपल्या दुसऱ्या विमानाच्या पुढच्या भागात ७० पौंडांपर्यंत वजन बांधून बघितलं होतं, कारण ते हवेत सारखं वरखाली लाटा घेत होतं. खुद्द स्पिटफायरचीही या बाबतीत अब्रू गेली होती. दुसरं महायुद्ध पुढं सरकलं तशी विमानात नवी सामग्री भरत गेली, बरीचशी मागच्या बाजूला. सीजी गुपचूप मागं रांगत राहिला. पाचव्या आवृत्तीत तो इतका मागं गेला, की जोरात वळण घेताना स्टिक हलकी पडायची आणि विमान वैमानिकाच्या इच्छेपेक्षा जास्त वळायचं. उपाय म्हणून १९४२मध्ये एलिव्हेटरच्या जोडणीत एक लहानसं वजन टांगलं, म्हणजे वळणात ते आपसूक स्टिकला विरोध करील. अमेरिकन मस्टँगमध्ये लांबचा पल्ला गाठण्यासाठी वैमानिकाच्या पाठीमागं ८५ गॅलनची टाकी घातली. ती भरलेली असताना विमान चक्क उलाळ. उड्डाणानंतर आधी त्याच टाकीतलं पेट्रोल जाळा, ती निम्म्याच्या खाली आल्याखेरीज कसरती करू नका, असा वैमानिकांना सक्त आदेश होता.

मराठी माणसानं एकदा तरी करून बघावं असं एक विमान मला या निमित्तानं आठवतं: सॉपविथ डॉल्फिन. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून हे विमान उडवत होते आणि जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते कामी आले. डॉल्फिनला दोन पंख, एकावर एक, आणि नेहमीच्या रीतीच्या उलट खालचा पंख पुढं, वरचा मागं. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या खिडकीतून बाहेर. आता सीजी कुठून मोजायचा? वरच्या पंखाच्या कडेपासून की खालच्या? उत्तर कुठल्याच एका पंखात नाही. दोन्ही पंखांच्या सरासरी रुंद्या आणि जागा घेऊन त्यांचा एक काल्पनिक पंख मांडायचा आणि त्याचा पाव भाग धरायचा. मेस्त्रींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कॅलेंडरचा कागद शोधत होते.

हरिकेन करणारे एक जण भेटले, ते पोलिश ३०३ स्क्वाड्रनच्या रंगांत. १९४०च्या ब्रिटनच्या लढाईत या स्क्वाड्रननं हरिकेनच वापरली. कोल्हापूरशेजारी वळिवड्यात १९४३ ते १९४८ पर्यंत पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले होते, तेव्हा इथल्या माणसानं ते रंग निवडणं मला साजेसं वाटलं. हरिकेनचा पंख जाड आणि मधला भाग सरळ, त्यामुळे तोल साधायला स्पिटफायरपेक्षा सोपं. लोकांना मात्र स्पिटफायरच हवं असतं.

काठ्यांवरचा तोल ही फक्त माळावर जायची परवानगी. तीही काही अटींवर. चाकं आत ओढली जाणारी असतील तर ती आत घेऊनच तोल बघायचा, कारण कॉर्सेअर किंवा पी-४० सारख्या विमानात चाकं मागं जाऊन बसतात आणि सीजीही सोबत मागं जातो. इंजिन तेलावर चालणारं असेल तर टाकी रिकामी ठेवून. टाकी बहुधा सीजीच्या पुढं असते, ती रिती होत गेली की विमान उतरताना उलाळ होत जातं. पंख खाली असलेली विमानं उलटीच टेकवायची, नाहीतर आधार खाली आणि वजन वर राहून ती हातातून लोळतात. आणि डावाउजवा तोलही बघायचा. नाकाची टोपी आणि शेपूट दोऱ्यांना टांगून जो पंख खाली जाईल त्याच्या विरुद्ध टोकाला चिमूटभर वजन. हे बहुतेक जण विसरतात आणि मग वळताना विमान एकाच बाजूला का कलतं म्हणून एलेरॉनला दोष देतात.

माळ निवडताना कोल्हापुरात विमानतळाचा विचार आधी. उजळाईवाडीची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ची, आणि आता तिथं रोजची प्रवासी विमानं उतरतात. २०२१च्या ड्रोन नियमांत हौशी आणि शिक्षणासाठीच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलांना, नजरेच्या टप्प्यात उडवायची असतील तर, प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. हवाई हद्दीतून नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय काहीच उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत. त्यापुढच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. म्हणजे गोकुळ शिरगावच्या कॉलेजातल्या पोरांना कॉलेजशेजारचं मैदान उपयोगाचं नाही. ती मंडळी पहाटे गाड्यांवर विमानं बांधून पश्चिमेकडं जातात.

आठवडाभरानं स्पिटफायर उडालं. सर्व्हो पुढं आले होते, नाकातलं शिसं पन्नास ग्रॅमच्या आत आलं होतं. उडवणारा दुसराच, हात बसलेला मुलगा. दोन फेऱ्या शांत मारल्यावर मेस्त्रींनी खरी परीक्षा सांगितली. विमान उंच न्यायचं, दोनतृतीयांश जोरावर सरळ पातळीत जाईल असं ट्रिम करायचं, मग जोर पूर्ण काढून ४५ अंशात खाली सोडायचं आणि स्टिकला हात लावायचा नाही. नाक स्वतःहून झपाट्यानं वर आलं, तर धुरजड. आणखी खाली वळायला लागलं, तर उलाळ, ताबडतोब उतरवायचं. हळूहळू, जरासंच वर आलं, तर जागा बरोबर. स्पिटफायरनं नाक जरा जास्तच उत्साहानं वर घेतलं. उतरवून बॅटरी सहा मिलिमीटर मागं नेली. पुन्हा उडवलं. आणखी चार. तिसऱ्या खेपेला उडवणारा म्हणाला, "आता बसलं बघा मेस्त्री." हिशेब करून ठरवलेल्या ८५पासून सीजी जेमतेम दोन मिलिमीटर सरकला होता, पण त्या दोन मिलिमीटरनं विमानाचा स्वभाव बदलला. उतरताना शेपूट खाली धरून तीन चाकांवर टेकलं आणि गवतात प्रोपेलर अडकला नाही.

परतताना चर्चा जायरोवर आली. आजकाल रिसीव्हरमध्येच जायरो मिळतो. विमान डगमगलं की तोच सर्व्हो हलवून सावरतो. पोरांचा दावा असा, की आता सीजीचं एवढं काय? तेजस तर मुद्दामच अस्थिर ठेवलंय. ते खरंही आहे. तेजसचा तोल जाणूनबुजून मागं ठेवलेला आहे, म्हणजे विमान पटकन वळतं, आणि चार पदरी संगणक दर क्षणाला पृष्ठभाग हलवून त्याला सरळ ठेवतात. जानेवारी २००१ मध्ये ते प्रथम उडालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून पहिलं तेजस मार्क-१ए हवेत गेलं, आणि तेव्हापासून इथल्या पोरांना तेजसचंच मॉडेल करायचं आहे.

"चार पदरी म्हणजे चार जण एकाच कामावर," मेस्त्रींनी विचारलं, "तुझ्या जायरोत किती?"

"एकच."

"मग एवढ्यात न्हाई."

तेजसला आडवी शेपूट नाही, पंख त्रिकोणी आणि कडेला मोडलेला. प्लॅन घरचाच काढलेला, त्यावर बाण नाही. मेस्त्रींनी पोरांना फोमच्या पातळ शीटमधून त्याच आकाराचा, प्लॅनच्या अष्टमांश मापाचा सपाट ग्लायडर कापायला लावला आणि नाकावर रुपयाचं नाणं चिकटवलं. उद्यमनगरातल्या गल्लीत लेथांच्या आवाजात तो फेकायचा, पडेल तिथून आणायचा, नाणं जरा मागं, पुन्हा फेकायचा. कधी तो पायाशी आपटला, कधी वर जाऊन पाठीवर पडला. सरळ सरकत गेला तेव्हा त्याचा तोल पट्टीवर मोजला, आकडा आठपट केला, आणि त्यातून मेस्त्रींनी पंधरा मिलिमीटर पुढं धरायला सांगितले. पोरांनी तो आकडा प्लॅनवर शाईनं लिहिला. मेस्त्रींनी खोडायला लावून पेन्सिलीनं लिहून घेतला.